सिग्नेचं पुढे काय झालं

दादा, सिग्नेचं पुढे काय झालं ते मला कळलंय. गेल्या रविवारी कळलं, एडिसनला, तुझ्याच डायनिंग टेबलवर. पण तुला इतक्यात सांगणार नाही. आईला थांबवलंस तसा तूही जरा थांब. आता तुला कुठे मीटिंग नाही.

फ्युनरल होममध्ये सगळे फार चांगलं बोलले. मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, नॉर्वेजियन कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणारा न्यू जर्सीतला एकमेव मराठी माणूस गेला. जसे काही बाकीच्या राज्यांत असे ढिगानं पडलेत. तुझा मॅनेजर म्हणाला, इतक्या वर्षांत यानं कधी आवाज चढवला नाही. ते मात्र खरं. तुला आवाज चढवावाच लागत नसे. तू हळू बोलायचास आणि समोरच्याला ते वर्षानुवर्षं सलायचं. मलाही बोला म्हणाले, मी नको म्हटलं. मेधावहिनीला वाटलं, हिला रडू आवरणार नाही. मला राग आवरला नसता.

लोक ओस्लोला प्रोजेक्टवर जातात आणि स्वेटर घेऊन येतात. तू दोन हिवाळे राहून भाषा घेऊन आलास, आणि ती भाषा कुणाशी बोलायला नाही म्हणून पुस्तकं. तीही साधी नाहीत. युद्धानंतर तिथं ज्यांच्यावरून भांडणं पेटली तीच हवीत. एखाद्यावर अश्लीलतेचा खटला भरलेला, एखादं प्रकाशकानंच घाबरून परत मागवलेलं. आणि प्रत्येकाची पहिलीच आवृत्ती. मी एकदा विचारलं, मजकूर तोच असेल तर दुसरी का नको? तू म्हणालास, "अगं, पहिली आवृत्ती म्हणजे भांडणाच्या आधीचं पुस्तक. आपल्याला शिव्या पडणार आहेत हे त्याला अजून माहीत नसतं." हे वाक्य मला आवडलं होतं. तुझी बरीच वाक्यं मला आवडायची.

तुझ्या बेसमेंटमध्ये पडदे कायम ओढलेले आणि डिह्युमिडिफायर कायम चालू. वरती देवापुढे दिवा लागला नाही तरी तुझं काही बिघडत नसे, खाली दमट झालेलं चालत नसे. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, मगच पुस्तक. इरा दहा वर्षांची होईपर्यंत तिला खाली यायची बंदी होती. घरात मूल वाढतंय की म्युझियम चालतंय, असं मेधावहिनी म्हणायची, आणि तूही हसायचास.

हे खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं आणि तुला ते मान्य नव्हतं. आपला हा वाद तर तसाच राहिला. नागपूरला तुझ्या दहावीच्या वर्षी आईनं तुझ्या गादीखालच्या कादंबऱ्या रद्दीवाल्याला दिल्या. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. शाळेची नोकरी, दोन पोरं, आणि मुलगा वाया गेला तर लोक काय म्हणतील ही धास्ती. तिनं आत काय लिहिलंय ते बघितलं नाही, वरच्या चित्रातल्या बायका बघितल्या आणि तराजूत टाकलं सगळं. तू त्या दिवशी जेवला नाहीस. पुढे जन्मभर जेवलास, पण तो दिवस काही तुला पचला नाही. लोकांनी हाकललेल्या पुस्तकांना तू घरात जागा देत होतास ती नागपूरच्या त्या कादंबऱ्यांची होती. हे मी म्हटलं की तू म्हणायचास, "शुभे, तू सॉफ्टवेअरचं टेस्टिंग कर, माझं नको करूस."

आणि मग ते पुस्तक. उत्तरेकडच्या कोळ्यांच्या गावातली सिग्ने, गावाचा ताबा घेतलेल्या जर्मनांमधल्या एका शिपायावर जीव जडलेली. युद्ध संपल्यावर गावातल्या बायका तिला चौकात बसवून तिचं डोकं भादरतात. लिहिणाऱ्याचं नाव पुढे कुणी घेतलं नाही. त्या गावच्या लोकांनी स्वतःला ओळखलं, बोंबाबोंब केली आणि प्रती परत मागवल्या गेल्या. थोड्याच वाचल्या, त्यातली एक तुझी. कव्हरवर सिग्नेचा चेहरा, डोक्यावर एक केस नाही आणि नजर थेट आपल्याकडे.

पण तुझा जीव अडकला होता तो कव्हरवर नव्हे, शेवटच्या पानांवर. तिकडच्या जुन्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच असायची, वाचणाऱ्यानं सुरीनं कापत कापत पुढे जायचं. तुझ्या प्रतीच्या पहिल्या मालकानं बरंचसं पुस्तक कापून वाचलं होतं आणि शेवटचं जुडगं तसंच सोडलं होतं. तू ते प्रत्येक पाहुण्याला दाखवायचास. "इथं त्याला राग आला," म्हणायचास, "इथं त्यानं सुरी खाली ठेवली. त्या देशाचा राग बघायचाय? हा बघा." त्यामुळे तूही ती पानं कापली नव्हतीस. दुमडीतून डोकावून वाचणं तुला चोरी वाटायचं. लायब्ररीची प्रत ओस्लोत आहे, जाईन कधीतरी, असं म्हणत राहिलास. शेवट तुलाही माहीत नव्हता.

आई सहा महिन्यांसाठी आली तो तुझा सगळ्यात चांगला उन्हाळा होता, हे मी लिहून ठेवते. संध्याकाळी ऑफिसातून आलास की डेकवर बसून तू तिला सिग्नेची गोष्ट मराठीत सांगायचास, एक-एक प्रकरण. ती मेथी निवडत ऐकायची. मी हर्नडनच्या माझ्या घरून वीकेंडला यायचे तेव्हा मागचं सगळं मला आईच सांगायची, तुझ्यापेक्षा रंगवून. डोकं भादरलं तो भाग तू सांगितलास तेव्हा तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग म्हणाली, "आमच्या आजीच्या काळात हेच करत. आपल्याकडे नवरा मेला म्हणून, तिकडे प्रेम केलं म्हणून. न्हावी तोच." तू खूश झालास. पुढच्या महिन्यात मंडळात भाषण दिलंस त्यात आईचं हे वाक्य तू वापरलंस, आपलं म्हणून.

मग गोष्ट त्या न कापलेल्या पानांपाशी येऊन थांबली. आई रोज विचारायची, "बाबू, जगली का रे ती पोट्टी?" आणि एके दिवशी तू म्हणालास, दसऱ्याला कापू. माझा विश्वास बसला नव्हता. तू आईसाठी पुस्तकाला सुरी लावणार होतास. मी मुद्दाम सुट्टी टाकून आले ती तेवढ्यासाठी.

दसऱ्याच्या सकाळी तू ओक ट्री रोडला श्रीखंड आणायला गेलास. आईनं पाट मांडला. इराचं गणिताचं पुस्तक, माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली. आपट्याची पानं नव्हती, इरानं अंगणातून मेपलची आणली. मग आईच्या मनात आलं की ज्याची आज खरी पूजा व्हायची ते खालीच राहिलं. तिनं तू शिकवलं होतंस तसे साबणानं हात धुतले, कोरडे केले आणि बेसमेंटमधून सिग्नेला वर आणलं. पाटावर ठेवलं. झेंडूचं फूल वाहिलं. आणि पाण्यात भिजवलेल्या कुंकवाचं बोट सिग्नेच्या कपाळावर टेकवलं, खाली हळदीचं.

बाबा गेल्यापासून आईनं कुंकवाला बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं. आपल्या गल्लीत हळदीकुंकू असलं की तिला बोलावत ते स्वयंपाकघरात पोहे करायला. ओल्या बोटाकडे बघत ती जरा वेळ तशीच बसली होती. मला ते इतकं चांगलं वाटलं की मी अडवलं नाही, आणि आजही अडवणार नाही.

तू आलास. श्रीखंडाचा डबा ओट्यावर ठेवलास.

"हे कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "पूजा केली नं. आज वाचायचं आहे नं शेवटचं?" मग तिनं समजावून सांगितलं, "तिला कोण लावणार रे कुंकू? त्या गावात एक बाई तिच्या दाराशी फिरकत नाही. म्हटलं आपण तरी लावावं."

"बाबा, इट लुक्स प्रिटी," इरा म्हणाली.

"गो अपस्टेअर्स."

आई पदराचं टोक हातात घेऊन पुढे झाली. "पुसून देऊ का?"

तू पुस्तक उचललंस. नेहमीच्याच हळू आवाजात म्हणालास, "हात लावू नकोस. दुसऱ्यांदा केलंस आई. पुस्तक दिसलं की तुझे हात शिवशिवतात. आधी रद्दीत घातलीस, आता देवात."

तुला वाटत असेल, तिला संदर्भ लागला नसेल. लागला. तिनं पदर सोडला आणि पानं वाढायला घेतली. श्रीखंड पहिल्यांदा तुला वाढलं. तू ते खाल्लंस, दादा. मी इतकी वर्षं बाकी काही विसरेन म्हटलं तरी हे विसरू शकले नाही.

जेवण झाल्यावर मी खाली आले होते, आठवतं? म्हटलं, "आता खराब झालंच आहे तर काप पानं. वाच तिला. आता काय जातंय तुझं?" तू म्हणालास, "उरलंय तेवढं तरी राहू दे." माझा मुद्दा साधा होता. तू जपत होतास ते तर गेलं होतं. आता उरलं होतं ते फक्त तिला न देणं. तेच तू जपलंस. परक्या गावच्या, मेलेल्या लोकांनी एका बाईला वाळीत टाकलं म्हणून तू मंडळात भाषण केलंस, आणि तिच्या कपाळाला कुंकू लावणारी एकच बाई भेटली, तिला दुसऱ्या दिवशी बॅग भरायला लावलीस.

"थोडे दिवस शुभाकडे राहा," एवढंच म्हणालास. थोडे दिवस म्हणजे तिकीट संपेपर्यंत. टर्नपाइकवर आई खिडकीतून बाहेर बघत होती. डेलावेअरचा पूल आला तेव्हा पहिल्यांदा बोलली. "जगली असेल नं गं ती?"

नंतर ती तुला दर रविवारी फोन करायची. प्रत्येक वेळी शेवटी एकच. "बाबू, बाकी काही नको सांगू, जगली का तेवढं सांग." आणि तू, "आई, मी ड्राइव्ह करतोय." "आई, मीटिंग आहे." रविवारी. तुझ्या कंपनीत रविवारी मीटिंग असते यावर तिनं विश्वास ठेवला, कारण तिला तो ठेवायचा होता. डलेसच्या विमानतळावरून ती परत गेली तेव्हा तू आला नाहीस. नागपूरच्या हॉस्पिटलमधून तिनं मला शेवटचा फोन केला त्यातही म्हणाली, "त्यानं काही सांगितलं तर कळव मला."

तिचे दिवस मात्र तू नागपूरला जाऊन यथासांग केलेस. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. डोक्याचा गोटा करून एडिसनला परत आलास आणि इरा दारातच म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक द लेडी ऑन युअर बुक." पोरीच्या मनात काही नव्हतं. तू खाली निघून गेलास, आणि केस येईपर्यंत घरातही टोपी घालून वावरलास.

आता चांगलं लिहायचं तर तेही लिहिते, नाहीतर म्हणशील, टेस्टरला नुसते बग दिसतात. माझा नवरा मला सोडून सनीव्हेलला गेला तेव्हा तू न विचारता हर्नडनला येऊन आठवडाभर राहिलास. रोज पिठलं केलंस, रोज गुठळ्या झाल्या. त्या अख्ख्या आठवड्यात एकदाही मला "सगळं ठीक होईल" म्हणाला नाहीस, आणि त्याला एक शिवीसुद्धा दिली नाहीस, कारण शिवी दिली की मी त्याची बाजू घेईन हे तुला माहीत होतं. बसून तुझ्या त्या पुस्तकांतल्या गोष्टी सांगत राहिलास. आठवडा संपता संपता मी तुझ्याकडून पिठल्याची कढई काढून घेतली आणि स्वतः करायला लागले. तू जगवलंस मला, दादा. म्हणून तर राग जात नाही. ज्याला जमतच नाही त्याला माफ करता येतं. तुला जमत होतं.

या वर्षी तुझ्या हॉस्पिटलच्या खोलीत मी विचारलंच. "सिग्नेचं पुढे काय झालं?"

"मला माहीत नाही, शुभे."

"खोटं नको बोलूस आता."

"कापलीच नाहीत गं. आई गेल्यावर कुणासाठी कापू?"

"तुझ्यासाठी."

तू भिंतीकडे तोंड केलंस. मी म्हटलं, "बरं झालं. मग आता तुलाही कळणार नाही." मेधावहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मी ते मागे घेतलं नाही, आताही घेत नाही. पण त्या वेळी मला वाटलं होतं की तू खोटं बोलतोयस. कापून, वाचून, गिळून बसलायस असंच मी धरून चालले होते.

तू ठरवून ठेवलं होतंस त्याप्रमाणे युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतल्या बाई पुस्तकं न्यायला आल्या. बाकीची खोक्यांत भरून झाली आणि त्यांच्या हातात सिग्ने आली. मला वाटलं बाजूला ठेवतील. त्यांनी तो लाल ठिपका खिडकीपाशी नेऊन बघितला आणि विचारलं, हे काय, कुणी केलं? मी सांगितलं. दसरा, पाटपूजा, विधवा, कुंकू, सगळं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगावं तसं, कारण या गोष्टीला माझं ऑफिसचं इंग्रजी पुरेना. त्या म्हणाल्या, सगळ्या कलेक्शनमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त हवं आहे ते हेच. तुला जो डाग वाटला त्याला त्या पुस्तकाचा इतिहास म्हणाल्या. पहिल्या मालकाचा राग शेवटी आणि एका बाईची माया वरती, असं पुस्तक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं म्हणे. फक्त ती पानं कापू नका, अशी विनंती केली.

तेव्हा मी शेवटचं जुडगं बघितलं. बंद होतं. तू खरं बोलला होतास.

मी त्यांना म्हटलं, हे एवढं मिळणार नाही.

रविवारी दुपारी आम्ही तिघी टेबलाशी बसलो. मेधावहिनीनं फळं कापायची सुरी आणून दिली आणि म्हणाली, "त्यांना आवडलं नसतं हं." मी म्हटलं, "म्हणूनच." पहिली घडी कापताना कड फाटली. दुसरीपासून नीट जमलं. कागदाचा बारीक भुगा टेबलावर पडला. इरानं फोनचा कॅमेरा पानावर धरला आणि जे उमटेल ते इंग्रजीत वाचत गेली. तुला हे बघवलं नसतं, तुझं नॉर्वेजियन आणि तो फोन. पण फोननं काही मीटिंग सांगितली नाही.

मग ऐक आता. फार काही नाही. सिग्ने गाव सोडते. दुसऱ्या बंदरावर मासळीच्या कारखान्यात कामाला लागते. केस वाढतात. एका सुट्टीच्या दिवशी ती धक्क्यावर पाव खात बसलेली असते, तिथं एक लहान मुलगी येते आणि तिचं नाव विचारते. ती खरं नाव सांगते.

इरा थांबली. पान उलटून बघितलं, मागे कोरं होतं.

"मग?" मी विचारलं.

"दॅट्स इट, आत्या. शी टेल्स हर नेम."

"म्हणजे जगली?"

"येस. शी लिव्ह्ज. शी जस्ट लिव्ह्ज."

एवढंच होतं, दादा. यासाठी पहिल्या मालकानं सुरी खाली ठेवली, आणि यासाठी तू आईला टाकलंस. ड्राइव्ह करता करता सांगून झालं असतं. मी तिथं टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि तुझ्यासाठी रडले की आईसाठी ते मला अजून सांगता येत नाही. तू गेल्यापासून पहिल्यांदाच रडले, तेवढं खरं. मग वहिनीनं चहा केला. पुस्तक मी हर्नडनला घेऊन आले. दसऱ्याला पाटावर ठेवणार आहे, आणि कुंकू कोरडं लावणार नाही.

तेराव्याला सगळे म्हणत होते, आता आईची आणि त्याची भेट झाली असेल. माझा यावर विश्वास नाही, तुझाही नव्हता. पण समजा झालीच, तर पाया पडू नकोस. रडू नकोस. माफी तर मुळीच मागू नकोस, ती तुला कधी नीट मागता आली नाही. ती बाबू म्हणून हाक मारील आणि तेच विचारील. या वेळी गाडी चालवतोय म्हणून सांगू नकोस. हो म्हण.